हीपवर पुन्हा पुन्हा डबकी साचतात? ठिबकला हात लावण्याआधी हे तपासा

हीप म्हणजे वरून द्रावण ठिबकवून धातू काढण्यासाठी रचलेला खनिजाचा ढीग. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. नवी लिफ्ट, म्हणजे ढिगाचा एक थर, रचून झाली, नळ्या अंथरल्या, पंप सुरू केला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ढिगाच्या माथ्यावर डबकी दिसू लागतात. द्रावणाचा दर कमी केला की आटतात, पूर्ववत केला की परत येतात. डोझर फिरवून माथा उकरला की आठवडाभर बरं जातं, मग पुन्हा तेच. तळातून येणारं द्रावण फिकं असतं. कॉलम चाचणीत (उंच नळकांड्यात माल भरून केलेल्या चाचणीत) ७५ टक्के तांबं सुटलं होतं, प्रत्यक्षात ५५ च्या पुढे काटा सरकत नाही. आणि पुढची लिफ्ट रचली की तिच्यावरही तीच डबकी.

उत्तर चिलीत याला अपोसामिएन्तो म्हणतात. शिफ्टच्या वहीत हा शब्द इतक्या वेळा येतो की नव्या माणसाला तो एखाद्या यंत्राचं नाव वाटावा. मी तिथल्या तांब्याच्या एका हीपवर काम केलं, खाणीचं नाव सांगत नाही. मूळचा मी रावेरकडचा, केळीच्या बागेत वाढलेला. त्यामुळे वाळवंटात मैलभर पसरलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या पाहून पहिल्या दिवशी घरी आल्यासारखं वाटलं होतं. याच ओळखीने घात केला. डबकं दिसलं की मी ड्रिपर तपासायला धावायचो. तीन लिफ्ट त्यात गेल्या.

ज्यांचा हीप लीचिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमी प्रतीचं खनिज दळून गिरणीतून काढणं परवडत नाही, म्हणून ते एक-दोन इंचापर्यंत फोडायचं, जाड प्लास्टिकच्या लाइनरवर सहा ते दहा मीटर उंच रचायचं आणि वरून द्रावण ठिबकत ठेवायचं. तांब्याच्या ऑक्साइड खनिजाला पातळ गंधकाम्ल, सोन्याला अल्कधर्मी सायनाइड. द्रावण महिनोन्‌महिने झिरपतं, धातू विरघळवून तळाशी येतं आणि नळ्यांतून तलावात जमा होतं. या भरलेल्या द्रावणाला पीएलएस म्हणतात. त्यातून तांबं सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (सेंद्रिय द्रवात ओढून घेणं) आणि इलेक्ट्रोविनिंगने (विजेने पत्र्यावर बसवणं) काढून घेतलं की उरतं ते रॅफिनेट, आणि ते परत ढिगावर जातं. स्पेनच्या रिओ तिंतोत तांब्याच्या खनिजाचे असे ढीग अठराव्या शतकातही भिजवले जात. सोन्यासाठी ही रीत १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या नेवाडात आली.

आकडा आधी डोक्यात बसवा

आमच्याकडे दर होता ताशी चौरस मीटरला १० लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं. एका चौरस मीटरवर १० लिटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. तासाला १०, दिवसाला २४०, आणि १२० दिवसांच्या चक्रात २८.८ मीटर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा मीटर पडतो. म्हणजे महाबळेश्वरचा पाच वर्षांचा पाऊस आपण चार महिन्यांत एकाच जागी पाडतो, तेही अटाकामाच्या वाळवंटात, जिथे ढग आला तर लोक फोटो काढतात. एवढं पाणी आठ मीटर मालातून जिरून जायचंय आणि तरीही माल पाण्याने गच्च भरता कामा नये.

हे दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यासाठी मराठीत तयार शब्द आहे: वाफसा. जमिनीत ओल आहे, पण मातीच्या कणांमध्ये हवाही खेळते आहे, अशी स्थिती. हीपला कायम वाफसा लागतो. द्रावण दगडांच्या अंगावरून पातळ थराने उतरावं आणि उरलेल्या फटींत हवा राहावी. खनिजात चाल्कोसाइटसारखी गंधकी खनिजं असतील तर हवेशिवाय काम चालतच नाही. तिथे तांबं सोडवतं ते फेरिक लोह. ते खर्ची पडून फेरस झालं की त्याला पुन्हा फेरिक करायला जीवाणू लागतात, आणि त्या जीवाणूंना प्राणवायू. म्हणून अशा ढिगाच्या तळाशी भोकांच्या नळ्या टाकून पंख्यांनी हवा सोडतात. ढीग पाण्याने गच्च, चिबड झाला की ही हवा वर चढत नाही, मग वीजबिल तेवढं चढतं.

आता माल किती झिरपता हवा? ढोबळ नियम असा की पूर्ण भिजलेल्या अवस्थेत मालातून जेवढं पाणी जाऊ शकतं, ते आपल्या दराच्या निदान दहापट असावं. म्हणजे १० च्या दराला १०० लिटर. हे मोजायचं वरचा थर सुटा असताना नव्हे, तर आठ मीटर मालाचं वजन डोक्यावर आल्यावर. प्रयोगशाळेतला अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: झिरप चाचणी दाबाखाली केली होती का? बऱ्याचदा उत्तर येत नाही.

खोटी डबकी बाजूला काढा

सगळी डबकी एका आजाराची नसतात. लॅटरल (ड्रिपर असलेली नळी) फुटलेली असेल, जोड निसटला असेल, उताराच्या शेवटी दाब जास्त होऊन ड्रिपर जास्त सोडत असतील, तर तिथे तळं दिसणारच. सकाळी एक चक्कर मारली की ही कळतात. त्यांचा आकार नळीच्या रेषेत लांबट असतो आणि नळी बंद केली की तासाभरात जिरतात. जिरली म्हणजे माल ठीक आहे, नळी बदला आणि पुढे चला.

ड्रिपर तुंबल्याने मात्र डबकं होत नाही, उलट कोरडा पट्टा पडतो. आपल्याकडे शेतकरी क्षार साचले की ठिबकच्या नळ्यांतून आम्ल सोडतात. तांब्याच्या हीपवर तर आम्लच वाहत असतं, तरी जिप्सम आणि लोहाची घाण नळीत बसतेच. सोन्याच्या हीपवर द्रावण अल्कधर्मी, त्यामुळे तिथे चुन्याचा थर बसतो आणि थर बसू न देणारं अँटिस्केलंट घालावं लागतं. हा वेगळा आजार आहे, पण दोन्ही एकाच वेळी असले की गोंधळ होतो: तुंबलेल्या ओळींचं पाणी शेजारच्या चालू ओळींतून जास्तीचं येतं आणि तिथे तळं दिसतं. म्हणून चार-पाच ड्रिपरखाली डबे ठेवून तासाभराचं पाणी मोजा. हे काम कोणालाच आवडत नाही. गॉगल, आम्लरोधक हातमोजे आणि बूट घालून उन्हात ओणवं राहायचं असतं.

कधी साचलं, हे विचारा

माझ्या अनुभवात निदानाला सगळ्यात उपयोगी पडतो तो काळ. डबकं पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसलं तर दोष बहुधा माथ्यावर आहे. ट्रक आणि डोझरने वरचा अर्धा-एक मीटर दाबून टाकलाय, किंवा कोरड्या ढिगावर एकदम पूर्ण दराने पाणी सोडल्याने वरच्या गोळ्या (खड्यांना भुकटी चिकटवून केलेल्या, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो) विरघळून साय धरली आहे. पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्याबरोबर ढीगही खचत असेल, तर आतल्या गोळ्या मोडताहेत. महिना-दोन महिने सगळं छान चाललं आणि मग साचायला लागलं, तर रसायन पाहा. पीएच दोन-अडीचच्या वर गेला की लोह ढिगातच खाली बसतं. कॅल्साइट असलेला माल आम्ल खातो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतो आणि मागे जिप्सम ठेवतो. शिवाय काही चिकणमाती सावकाश फुगते. विदर्भ-खानदेशातल्या माणसाला ती समजावून सांगायला नको. काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात ज्या मातीमुळे भेगा पडतात आणि पावसाळ्यात जी बुटाला चिकटून किलोभर वजन वाढवते, तीच स्मेक्टाइट कुळातली माती. खनिजात तिचं प्रमाण थोडं असलं तरी पुरतं.

यासाठी लोखंडी कड्याची एक सोपी चाचणी आहे. फूटभर व्यासाचं कडं माथ्यात दहा-पंधरा सेंटिमीटर रोवायचं, त्यात दहा सेंटिमीटर उंच रॅफिनेट भरायचं आणि घड्याळ लावायचं. साधं पाणी वापरू नका, चिकणमाती गोड्या पाण्यात आणि खारट-आम्लट द्रावणात वेगळी वागते. चांगल्या जागी ते तासाभरात किंवा त्याआधी जिरतं. आमच्या डबक्यांच्या जागी सहा तासांनंतरही अर्धं शिल्लक होतं. मग माथा अर्धा मीटर खरवडून तीच चाचणी त्या पातळीवर करा. तिथे झटकन जिरलं तर दोष वरच्या सायीत आहे, डोझरने रिपिंग करून (फाळाने माथा उकरून) सुटेल. तिथेही तसंच राहिलं तर रिपिंगवर डिझेल जाळू नका.

आमच्याकडे दीड मीटरवरही तसंच राहिलं.

पट्टे

तीन लिफ्ट फुकट घालवल्यावर एका सर्वेअरने ड्रोनचा फोटो समोर टाकला. जमिनीवरून विखुरलेली वाटणारी डबकी वरून पट्ट्यांत दिसत होती. प्रत्येक पट्टा कमानीसारखा वाकलेला, चारेक मीटर रुंद, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर जवळजवळ सारखं, दहा मीटर.

दहा मीटर कुठून आले? आम्ही दिवसाला १०,००० टन रचत होतो. रचलेल्या मालाची घनता घनमीटरला १.६ टन धरली तर ६,२५० घनमीटर. आठ मीटर उंचीला भागलं की ७८१ चौरस मीटर. रचणीची रुंदी ८० मीटर होती, म्हणजे रेडियल स्टॅकर (कमानीत फिरत माल रचणारं यंत्र) रोज पावणेदहा-दहा मीटर मागे सरकायचा. कमानी म्हणजे स्टॅकरचे फेरे. रोज एकदा, दिवसाच्या ठरावीक वेळी, चार मीटर भरेल एवढा वाईट माल ढिगात जात होता. चार मीटर म्हणजे साधारण दहा तासांचा माल.

मग तारखा लावल्या. पट्टे दुपारपासून मध्यरात्रीच्या आसपासच्या मालाचे निघाले. साहजिकच पहिला संशय त्या शिफ्टवर गेला, आणि सांगायला लाज वाटते, पण दोन-तीन दिवस आम्ही त्या पोरांना नको तेवढे प्रश्न विचारले. त्यांचा दोष नव्हता. अटाकामात दुपारी वारा सुटतो आणि क्रशरवर धुळीचे लोट उठतात. धूळ दाबायला तिथे पाण्याचे फवारे आहेत. वारा वाढला की क्रशरवाला फवारे पूर्ण उघडायचा, वारा पडला तरी ते लगेच बंद होत नसत. त्याच्या दृष्टीने तो नियमानेच वागत होता, सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणूनच तर ते फवारे बसवलेत. पण ते पाणी मालाबरोबर पुढे अॅग्लोमरेशनच्या, म्हणजे गोळ्या बांधायच्या, ड्रममध्ये जात होतं. आणि ड्रमवरच्या माणसाला ते ठाऊकच नव्हतं.

ड्रमचं पाणी वजनकाट्याच्या आकड्यावर आपोआप ठरायचं, टनाला इतके लिटर. काटा होता फवाऱ्यांच्या पुढे. काट्याला दगड आणि पाणी सारखंच. ओला माल जड भरायचा, काटा म्हणायचा माल जास्त आलाय, आणि ड्रममध्ये आणखी थोडं पाणी सुटायचं. ओलावा ९ टक्के हवा होता, दुपारचे नमुने ओव्हनमध्ये वाळवून पाहिले तर १२ च्या आसपास. ताशी सुमारे ४१७ टनांवर तीन टक्के म्हणजे तासाला साडेबारा घनमीटर जादा पाणी, एक टँकर.

तीन टक्क्यांनी एवढं काय होतं

साबुदाणा भिजवणाऱ्या कोणालाही हे पटेल. पाणी कमी पडलं तर दाणा कोरडा राहतो, बोटभर जास्त झालं तर सगळ्याचा गोळा. अॅग्लोमरेशन म्हणजे मोठ्या खड्यांच्या अंगाला बारीक भुकटी चिकटवून ठेवणं. फिरत्या ड्रममध्ये पाणी आणि संहत गंधकाम्ल घालतात, माल मिनिट-दीड मिनिट घोळतो, आणि भुकटी खड्यांना बिलगते किंवा तिच्या छोट्या गोळ्या होतात. मग दोन-तीन दिवस तसंच मुरू द्यायचं. आम्ल तेवढ्यात आपलं काम सुरू करतं आणि गोळीही धरते. चिलीत सांतियागोजवळच्या लो आगिर्रे खाणीने १९८० मध्ये ही आम्लाने मुरवण्याची रीत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि पुढे सगळ्या उत्तर चिलीने ती उचलली. सोन्यात आम्ल चालत नाही, तिथे टनाला काही किलो सिमेंट किंवा चुना घालून गोळ्या बांधतात. त्याचा पाया अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने १९७०च्या दशकाच्या अखेरीला घातला.

पाणी जास्त झालं की भुकटी चिकटण्याऐवजी गारा होते. स्टॅकरवरून पडताना हा गारा फटी भरून टाकतो. साध्या नजरेला ओला माल उलट चांगला दिसतो, धूळ नाही, चकचकीत, मोठमोठे गोळे. आम्हीही फसलो. मुठीत दाबून पाहायची सवय लावा. मूठ उघडल्यावर मुटका आकार धरून राहावा, पण हात ओला होऊ नये. बोटांच्या फटींतून चिखल आला तर तो माल ढिगावर जाऊ देऊ नका. याहून पक्की परीक्षा बुडवण्याची: मुरलेल्या गोळ्या दोन मिलिमीटरच्या चाळणीत घ्या, अर्धा तास द्रावणात बुडवा, दोन-चारदा हलकेच हलवा आणि खाली किती भुकटी गळली ते वाळवून तोला. आमच्या सकाळच्या आणि दुपारच्या मालातला फरक पाहायला तराजूचीही गरज पडली नाही.

आता डबक्यांखालच्या वाईट मालाचा आकार पाहा, कारण इथे बरेच जण चकतात. स्टॅकर माल ढिगाच्या तोंडावर टाकतो आणि तो ३७ अंशांच्या आसपासच्या उतारावर घसरून बसतो. म्हणजे रोजचा माल उभ्या भिंतीसारखा राहत नाही, कलत्या फळीसारखा मागच्या मालावर रेलतो. माथ्यावर चार मीटर रुंद दिसणारा पट्टा खाली तीनेक मीटर खोदलं की संपतो, त्याखाली आदल्या पाळीचा चांगला माल लागतो. आम्ही एका डबक्याखाली चार मीटरचा खड्डा घेतला होता, तळाशी सुंदर मोकळा माल सापडला आणि आम्ही निष्कर्ष काढला की आत सगळं ठीक आहे. वाईट फळी तिरकी होऊन नव्या मालाच्या बाजूला, थेट लाइनरपर्यंत गेली होती. द्रावण तिला आडवं छेदत नव्हतं, तिच्या पाठीवरून घसरत होतं. म्हणून पट्ट्यावर तळं आणि फळीच्या सावलीत कोरडा माल, दोन्ही एकाच ढिगात. पंचावन्न टक्क्यांचं कोडं तिथे सुटलं.

आता रचलेल्या ढिगाचं काय

फार काही करता येत नाही. जो माल रचला गेला तो रचला गेला. तरी नुकसान आटोक्यात ठेवता येतं.

दर कमी करणं हा सगळ्यांचा पहिला उपाय, आणि त्याची किंमत कोणी मांडत नाही. आमच्या आकड्यांत टनाला सव्वादोन घनमीटर द्रावण जायला १२० दिवस लागतात. दर १० वरून ५ केला तर तेवढंच द्रावण जायला २४० दिवस. म्हणजे रोजचं उत्पादन तेच ठेवायचं तर ओलिताखालचं क्षेत्र ९३,७५० चौरस मीटरवरून दुप्पट, तेवढा जादा पॅड (ढीग रचायची तयार जागा), लाइनर, नळ्या. पॅड नसेल तर चक्र मध्येच तोडावं लागतं आणि तांबं ढिगातच राहतं. म्हणून सगळीकडे दर पाडू नका. फक्त पट्ट्यांवरच्या लॅटरल वेगळ्या व्हॉल्व्हवर घ्या, तिथे ५ ठेवा, बाकी ठिकाणी १० चालू द्या.

पट्ट्यांवर पाणी थांबवून-थांबवून देणं यापेक्षा बरं ठरतं. दोन दिवस चालू, दोन दिवस बंद. बंद काळात फटी मोकळ्या होतात, हवा आत येते, दगडाच्या पोटातलं विरघळलेलं तांबं सावकाश पृष्ठभागाशी येतं, आणि पुन्हा चालू केल्यावर सुरुवातीचं द्रावण गडद उतरतं. पंपवाल्यांना हे आवडत नाही, त्यांची कामं वाढतात.

रिपिंग करायचंच असेल तर वाफसा पाहून करा. ओल्या मालात रिपरचा फाळ गेला की तो बाजू लिंपत जातो, आणि वरून डोझरचं वजन आणखी दाबतं. चिबड रानात नांगर घातल्यावर जी ढेकळं निघतात तीच इथेही. आधी पाणी बंद करून आठवडाभर निचरा होऊ द्या. तज्ज्ञ लोक पृष्ठताण कमी करणारी रसायनं सुचवतील. तांब्याच्या बाबतीत ती सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनमध्ये जाऊन द्रावणांचे थर वेगळे होणं बिघडवू शकतात. मी त्या वाटेला गेलो नाही.

हे दिसलं तर निदान थांबवा, पंप बंद करा

माथ्यावरचं डबकं हे उत्पादनाचं दुखणं आहे. पण ढिगाच्या बाजूच्या उतारावर मधूनच ओल फुटली, पायथ्याशी माल फुगलेला दिसला, किंवा तळाच्या पिझोमीटरमध्ये (पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणात) लाइनरवरची पाण्याची उंची चढत गेली, तर प्रश्न जीवाचा आहे. लाइनरचं दीड-दोन मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक गुळगुळीत असतं, त्यावर पाणी चढलं की सगळा ढीग त्या पृष्ठभागावरून घसरू शकतो. १३ फेब्रुवारी २०२४ ला तुर्कस्तानातल्या चोप्लेर सोन्याच्या खाणीत हीप कोसळला आणि नऊ कामगार त्याखाली गेले. त्याच वर्षी २४ जूनला कॅनडाच्या युकॉनमधल्या ईगल गोल्ड खाणीचा हीप घसरून सायनाइडचं द्रावण बाहेर आलं. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी असतात. पण निचरा होत नसलेल्या ढिगावर पंप चालू ठेवून "आजची शिफ्ट काढू" म्हणणं मी पाहिलंय, म्हणून लिहितोय. कोणत्या पातळीला पंप बंद करायचा हा आकडा आधीच ठरवून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावा, आणि तो बंद करण्याचा अधिकार शिफ्टमधल्या माणसाला द्या.

सोन्याच्या हीपवर डबक्याचा आणखी एक धोका. वाळवंटात पक्ष्यांना पाणी दिसलं की ते उतरतात, आणि ते पाणी सायनाइडचं असतं. शिवाय डबक्यात पीएच घसरला तर विषारी वायू सुटतो. तिथे डबकं दिसल्या क्षणी त्या भागाचं पाणी बंद करून वर जाळी टाकायची, कारण नंतर शोधायचं.

पुढच्या लिफ्टसाठी आम्ही काय बदललं

मुख्य बदल हास्यास्पद वाटेल इतका छोटा होता. क्रशरच्या फवाऱ्यांच्या लाइनवर प्रवाहमापक बसवला आणि त्याचा आकडा ड्रमवरच्या माणसाच्या स्क्रीनवर आणला. फवारे वाढले की तो ड्रमचं पाणी तेवढंच कमी करतो. पुढे हे आपोआप जोडलं, पण पहिले सहा महिने माणसानेच केलं आणि छान केलं. त्याशिवाय दर दोन तासांनी मुठीची परीक्षा आणि ओव्हनमध्ये एक नमुना.

खनिजाचीही वर्गवारी सुरू केली. ७५ मायक्रॉनखालची भुकटी १०-१५ टक्क्यांच्या वर गेली की त्या मालाकडे वेगळ्या नजरेने पाहायचं, मुरायला जास्त दिवस द्यायचे किंवा खडबडीत मालात मिसळायचा. मिसळणं म्हणजे खरंच मिसळणं. एक ट्रक हा, एक ट्रक तो असं केलं तर पट्टेच तयार होतात.

नवी लिफ्ट भिजवताना पहिले चार-पाच दिवस ताशी ३-४ लिटर, मग ६, मग १०. आणि लिफ्टच्या माथ्यावर कोणतीही गाडी नाही. नळ्या अंथरणारी माणसं चालतच जातात. यावरून भांडणं झाली, कारण ८० मीटर चालत पाइप ओढणं कष्टाचं आहे. शेवटी रुंद टायरची हलकी गाडी मान्य झाली.

कॉलम चाचणीबद्दलही एक बोलायचं राहिलं. आमचे कॉलम सहा मीटर उंच होते आणि सकाळच्या मालाचे भरले होते, कारण नमुने घेणारी पाळी सकाळची होती. ७५ टक्के हा आकडा खोटा नव्हता, तो फक्त अर्ध्या दिवसाचा होता. आता नमुने चोवीस तास गोळा होतात.

चौथ्या लिफ्टवर पट्टे दिसले नाहीत. दोन डबकी झाली, दोन्ही फुटक्या जोडांची. जुन्या तीन लिफ्ट मात्र तिच्याखाली तशाच आहेत, कायमचा पॅड असल्याने माल उचलता येत नाही. वरून येणारं द्रावण त्या तिरक्या फळ्यांवरून जातंच, आणि तिसऱ्या लिफ्टच्या पातळीला पूर्वेकडच्या उतारावर अजून एक ओलसर डाग दिसतो. रोज सकाळी कोणीतरी जाऊन त्याच्या कडेला रंगाचा ठिपका मारतो, वाढला का ते पाहायला.